निकोडेमसची जत्रा

आबांना अमेरिकेत काय दाखवायचं, हे ठरवायला या वेळी मला फार विचार करावा लागला नाही. मागच्या खेपेला नायगारा झाला, वॉशिंग्टन झालं. गावी परत गेल्यावर मात्र ते पारावर बोलले ते रस्त्याच्या कडेच्या मक्याबद्दल, आणि एका माणसाने एवढं रान कसं ओढायचं याबद्दल. आबा मंगळवेढ्याकडचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षं शिक्षक, आणि सात एकर कोरडवाहू जमिनीचे मालक. जमीन कुणाला कशी मिळाली, हा त्यांचा आवडीचा विषय.

म्हणून जुलैचा शेवटचा आठवडा निवडला. त्या शनिवार-रविवारी कॅन्ससमधल्या ग्रॅहम काउंटीत निकोडेमस नावाच्या गावाचा 'होमकमिंग', म्हणजे बाहेर गेलेल्यांनी गावी परत यायचा सोहळा, असतो. गुलामीतून सुटलेल्या माणसांनी 1877 मध्ये वसवलेलं गाव. मिसिसिपीच्या पश्चिमेला कृष्णवर्णीयांनी त्या काळात वसवलेल्या गावांपैकी एवढं एकच अजून टिकून आहे. तिथे जाण्याआधी, ज्या कायद्यामुळे हा सगळा मुलूख वसला त्या कायद्याचं ठिकाण बघायचं ठरलं. आबा, मी आणि माझा दहा वर्षांचा मुलगा असे तिघे ओमाहाहून निघालो.

गुरुवार

दीड-दोन तासांत बीॲट्रिस. नाव वाचून आपण जसं म्हणू तसं इथे कुणी म्हणत नाही, मधल्या 'ॲ'वर जोर देतात. गेज काउंटीचं हे मुख्य ठिकाण, म्हणजे आपल्या भाषेत तालुक्याचं गाव. तिथून पश्चिमेला चार मैलांवर होमस्टेड नॅशनल हिस्टॉरिकल पार्क आहे.

गाडी लावून मी आत निघाले, तर आबा मागेच. तिथला वाहनतळ मुद्दाम एक एकराचा केलाय, एक एकर म्हणजे केवढं ते शहरी माणसाला कळावं म्हणून. हे ऐकल्यावर आबांनी एका कडेने पावलं टाकायला सुरुवात केली होती. दोन्ही बाजू चालून झाल्यावर मनाशी हिशोब करून म्हणाले, "भरतायत चाळीस गुंठे." मग नातवाला जवळ घेऊन सांगितलं, "असे एकशे साठ."

एकशे साठ एकर. अब्राहम लिंकनने 20 मे 1862 रोजी सही केलेल्या होमस्टेड कायद्याने प्रत्येक अर्जदाराला एवढी जमीन देऊ केली. वय एकवीस पूर्ण हवं किंवा तो कुटुंबप्रमुख हवा, आणि त्याने अमेरिकेच्या सरकारविरुद्ध शस्त्र उचललेलं नसावं. बाई असली तरी चालेल. परदेशातून आलेला, पण नागरिक व्हायचं ठरवलेला असला तरी चालेल. फी एकूण अठरा डॉलर. जमिनीवर घर बांधायचं, पाच वर्षं राहायचं, कसायचं. मग पट्टा नावावर. 1 जानेवारी 1863 ला कायदा लागू झाला आणि डॅनियल फ्रीमन नावाच्या माणसाने मध्यरात्र उलटल्या उलटल्या ब्राउनव्हिलच्या जमीन कार्यालयात अर्ज भरला. आम्ही उभे होतो ती त्याचीच जमीन. तो आणि त्याची बायको ॲग्नेस याच जमिनीत पुरलेले आहेत.

आबा बराच वेळ पट्ट्याच्या कागदासमोर उभे राहिले. मग म्हणाले, "आपला 1 एप्रिल सत्तावन."

हे मी लहानपणापासून ऐकलेलं. कुळकायद्याने 1 एप्रिल 1957 या दिवशी कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला. माझे पणजोबा दुसऱ्याची जमीन कसायचे. त्या दिवसानंतर ट्रिब्युनलने किंमत ठरवली, आजोबांनी हप्ते फेडले आणि सातबाऱ्यावर आमचं नाव चढलं. आमच्या घराचा खरा वर्धापनदिन तोच, पण त्या दिवशी कुणी नारळ फोडल्याचं मला आठवत नाही. आबांनाही आठवत नव्हतं. ते जरा खट्टू झाल्यासारखे वाटले.

इमारतीकडे जाणाऱ्या वाटेवर एक भिंत आहे. ज्या तीस राज्यांत या कायद्याखाली जमिनी वाटल्या गेल्या, त्या प्रत्येक राज्याच्या आकाराचा पत्रा तिथे उभा केलाय आणि जेवढी जमीन वाटली गेली तेवढा चौकोन पत्र्यातून कापून काढलाय. नेब्रास्काच्या पत्र्यात सर्वांत मोठं भोक, जवळजवळ पंचेचाळीस टक्के. देशभरात मिळून 27 कोटी एकर, म्हणजे साऱ्या देशाचा दहावा हिस्सा. मुलगा प्रत्येक भोकातून पलीकडचं गवत बघत पळत होता.

आबांनी मला विचारलं, "आणि त्याच्या आधी ही कुणाच्या नावावर होती?"

त्याचं उत्तर आतच लिहिलेलं आहे, आणि ते लिहिलं आहे याचं मला बरं वाटलं. या भागात ओटो आणि मिझुरिया या मूळ अमेरिकन जमातींचे लोक राहत. 1854 च्या तहाने त्यांच्याकडे बिग ब्लू नदीकाठचा एक तुकडा तेवढा उरला, याच काउंटीच्या दक्षिणेला. तोही पुढे विकला गेला आणि 1881 मध्ये त्यांना दूर आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. 'फुकट' जमिनीची ही किंमत होती आणि ती दुसऱ्याने भरली. पुढचे चार दिवस ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही. जाऊही नये.

बाहेर गवताळ माळ राखून ठेवलाय. 1939 पासून हे गवत इथे पुन्हा रुजवत आणलंय. त्याची मुळं माणसाच्या उंचीहून खोल जातात. ती इतकी घट्ट विणलेली असतात की साध्या नांगराला दाद देत नाहीत. पहिल्या वसाहतकऱ्यांनी हीच मुळांसकटची माती लांबलचक पट्ट्यांत कापली, तिच्या विटा केल्या आणि घरं बांधली, कारण लाकूड नव्हतंच. आबांनी खाली बसून एक बुडखा हलवून पाहिला. हलला नाही.

जवळच 1872 ची विटांची एकखोली शाळा आहे. आबांनी तिथला बाक, फळा, शेगडी बघितली आणि शिक्षकाच्या टेबलाजवळ जरा टेकले. त्यांची पहिली नेमणूक अशाच एकशिक्षकी शाळेवर होती. याच शाळेत शिक्षिका बायबल शिकवतात म्हणून फ्रीमन कोर्टात गेला आणि 1902 मध्ये नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. ही हकिकत आबांना जमिनीच्या गोष्टीइतकीच आवडली.

शुक्रवार

आजचा दिवस प्रवासाचाच. हायवे 36 ने पश्चिमेकडे. गव्हाची काढणी होऊन गेलेली, सगळीकडे पिवळी खुटं. लेबनन गावाजवळ अमेरिकेच्या सलग अठ्ठेचाळीस राज्यांचा भौगोलिक मध्यबिंदू आहे. तिथला दगडी स्तंभ बघून, पाणी पिऊन दक्षिणेला वळलो.

ऑसबोर्नच्या पुढे कुंपणाचे खांब दगडाचे दिसायला लागले. लाकडाचे नाहीत, सिमेंटचे नाहीत, मैलोन् मैल पिवळसर चुनखडीचे. इथे जमिनीखाली चुनखडीचा एकाच जाडीचा थर आहे. खाणीतून काढताना तो मऊ असतो आणि वाऱ्यावर घट्ट होतो. झाड नाही तर दगड. आबा म्हणाले, "आपल्याकडं बांधाला निवडुंग, यांच्याकडं ह्यो." त्यांना आनंद झाला की त्यांची मास्तरकीची भाषा सुटते आणि मंगळवेढ्याची येते.

दुपारी व्हिक्टोरिया. एलिस काउंटीतलं हे गाव छोटं, आणि त्यात सेंट फिडेलिसचं चर्च इतकं मोठं की दोन मनोरे फार लांबून दिसतात. या गावाच्या दोन वसाहतींची गोष्ट सांगण्याजोगी आहे. 1873 मध्ये जॉर्ज ग्रँट नावाच्या स्कॉटिश माणसाने इथे मोठी जमीन घेऊन सधन इंग्रज कुटुंबांची वसाहत केली. अँगस जातीचे वळू अमेरिकेत पहिल्यांदा त्यानेच आणले. ती वसाहत थोड्याच वर्षांत मोडली. लोक आले तसे पांगले. 1876 मध्ये शेजारीच रशियातल्या व्होल्गा नदीकाठचे जर्मन शेतकरी आले. त्यांच्या पूर्वजांना राणी कॅथरीनने शंभर वर्षांपूर्वी रशियात बोलावून घेतलं होतं, सैन्यभरती माफ केली होती. 1874 ला ती माफी गेली तेव्हा ही माणसं गावंच्या गावं मिळून निघाली. ती मात्र टिकली. चर्च 1908 ते 1911 या काळात बांधलं गेलं. बारा वर्षांवरच्या प्रत्येकाने वर्षाला 45 डॉलर आणि सहा गाड्या दगड द्यायचे असं ठरलं होतं.

आत गारवा होता. आबा भिंतीच्या दगडांवरून हात फिरवत चालले होते. "ज्याच्या पाठीमागं गाव होतं तो राहिला," म्हणाले. "एकेकटा आला तो गेला."

मुक्काम हेजला. रात्री खोलीवर पोळी-चटणी खाल्ली. आबांनी ज्वारीची भाकरी मागितली नाही, पण त्यांना हवी होती.

शनिवार

सकाळी लवकर एलिसला गेलो. हेजच्या पश्चिमेला पंधरा मैल. क्रायस्लर मोटारींचा वॉल्टर क्रायस्लर याच गावात वाढला, पण आम्हाला बघायचा होता रेल्वेमार्ग. कॅन्सस पॅसिफिकच्या गाडीने केंटकीहून निघालेली माणसं 1877 मध्ये इथे उतरली. यापुढे निकोडेमसपर्यंत रेल्वे नव्हती, रस्ताही नव्हता. उत्तरेला पस्तीसेक मैल, सामान आणि लेकरं घेऊन दोन दिवसांची चाल.

ही माणसं कोण होती ते सांगायला हवं. केंटकीत गुलामगिरी संपली ती 1865 च्या डिसेंबरात, तेराव्या घटनादुरुस्तीने. यादवी युद्धात केंटकी उत्तरेच्या बाजूला राहिल्यामुळे लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा तिथे लागूच नव्हता. सुटका झाली, पण जमीन नाही, मजुरी मालक ठरवेल ती आणि वर दहशत. अशात 1877 च्या एप्रिलमध्ये डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक आणि डब्ल्यू. आर. हिल हा गोरा जमीन-व्यावसायिक यांनी मिळून निकोडेमस टाउन कंपनी काढली. लेक्सिंग्टनमध्ये पत्रकं वाटली गेली: 5 सप्टेंबर 1877 ला कॅन्ससला जायचंय त्यांनी पाच डॉलर भरावेत. जुलैत पहिली तीसेक माणसं गेली होती. सप्टेंबरात तीनशेच्या वर निघाली.

आम्ही गावरस्त्यांनी उत्तरेकडे निघालो. खडीचा रस्ता, दोन्ही बाजूंना उघडं रान, सावलीला झाड नाही. सलाइन नदी ओलांडल्यावर मी गाडी कडेला घेतली आणि आबांनी आग्रह केला म्हणून आम्ही तिघे थोडं चाललो. साडेनऊचं ऊनही अंगावर येत होतं. आबांनी आठ वेळा पंढरीची वारी केलीय. ते म्हणाले, "वारीत माणूस थकतो, पण पुढं कळस आहे हे ठाऊक असतं. कळस दिसला की पायाचं दुखणं जातं."

या माणसांना कळस दिसला नाही. 1878 च्या वसंतात आलेल्या विलियाना हिकमन या बाईंची आठवण नोंदलेली आहे. त्यांच्या तांड्यात एलिसला गोवराची साथ आली, पोरं दगावली. मग रात्री उघड्यावर झोपत, होकायंत्र बघत ते उत्तरेला चालत राहिले. पुढची माणसं ओरडली, ते बघा निकोडेमस! बाईंनी सगळीकडे नजर फिरवली. काही नाही. नवऱ्याला विचारलं, कुठाय? त्याने बोट दाखवलं ते जमिनीतून वर येणाऱ्या धुराकडे. माणसं जमिनीत खड्डे खणून राहत होती. विलियानाबाई म्हणतात, मला रडू आलं.

मी हे तिथे रस्त्यात उभं राहून आबांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने रस्त्याकडेच्या हिरव्या पिकात शिरले, एक पान बोटांत धरून पाठपोट बघितलं आणि तिथूनच ओरडले, "अगं, जोंधळा हाय ह्यो!"

खरंच ज्वारी होती. इथले लोक 'मायलो' म्हणतात. ज्वारी पिकवण्यात कॅन्सस अमेरिकेत पुढे आहे. पण आपल्या मालदांडीसारखी पुरुषभर उंच नाही. यंत्राने कापता यावी म्हणून कमरेएवढीच वाढणारी बुटकी वाणं. कणसं अजून बाहेर पडायची होती. "कडबा काय निघणार याचा," आबा म्हणाले, पण आवाजात घरचं माणूस भेटल्याचा आनंद होता. आफ्रिकेतून निघालेलं हे धान्य मंगळवेढ्यातही पोचलं आणि इथेही.

निकोडेमसला पोचलो तेव्हा गाव माणसांनी भरलं होतं. एरवी इथे वीससुद्धा माणसं राहत नाहीत. हायवे 24 च्या कडेला चार-दोन गल्ल्या, पाण्याची टाकी आणि पाच जुन्या इमारती, एवढाच पसारा. आज मात्र रस्त्याकडेला कोलोरॅडो, कॅलिफोर्निया, मिझुरी अशा कुठल्या कुठल्या राज्यांच्या नंबरप्लेटी. घराण्याचं नाव छापलेले एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेली कुटुंबं, आजीपासून पणतूपर्यंत. मांस भाजल्याचा वास. मग मिरवणूक आली. पुढे घोडेस्वार, 'बफेलो सोल्जर्स' म्हणून ओळखल्या गेलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या जुन्या निळ्या गणवेशात. मागून सजवलेल्या गाड्या, आणि त्यांच्यावरून पोरांकडे उडणाऱ्या गोळ्या-चॉकलेटं. माझा मुलगा त्या पोरांत कधी मिसळला ते कळलं नाही.

आबा एकदम म्हणाले, "ही तर जत्रा."

तीच. आमच्या भैरोबाच्या चैत्रातल्या जत्रेला पुण्या-मुंबईची, सुरतेची माणसं गावात उतरतात. वर्षभर कुलूप असलेल्या घरांपुढे रांगोळी दिसते. मी शेवटची गेले त्याला अकरा वर्षं झाली. माझ्या मुलाने ती जत्रा पाहिलेलीच नाही.

एका सावलीत खुर्ची टाकून एक खूप वयस्कर बाई बसल्या होत्या. येणाऱ्या प्रत्येक तरुण पोराला हाताने थांबवून एकच प्रश्न विचारत होत्या: तू कुणाचा? पोरं आजोबांचं नाव सांगत, मग पणजोबांचं, मग बाई मान हलवत आणि गालावरून हात फिरवत. आमच्याकडे वळून त्यांनी तेच विचारलं. मी सांगितलं, आम्ही इथले कुणाचे नाही, हे माझे वडील, भारतातून आलेत, शेतकरी आहेत, गाव बघायचं म्हणून आलो. त्यांनी आबांचा हात हातात घेतला, तळव्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, शेतकरीच आहे. मग आम्हाला जेवायला पाठवलं.

जेवून टाउनशिप हॉलमध्ये गेलो. 1939 मध्ये बांधलेली ही चुनखडीची इमारत, इथेच माहितीचं केंद्र आहे. पहिल्या हिवाळ्याची हकिकत इथे नीट कळते. सप्टेंबरात आलेल्यांना पेरायला उशीर झाला होता. औजारं अपुरी, घोडे बोटांवर मोजण्याइतके. साठेक कुटुंबं आल्या पावली परत फिरली. जी राहिली त्यांनी जमिनीत घरं खणली. त्याच थंडीत शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनी आपल्याजवळचं मांस वाटून दिलं, म्हणून माणसं जगली, असं इथे पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं. ओसेज म्हणजे ज्यांना काही वर्षांपूर्वीच याच कॅन्ससमधून हलवलं होतं, ते. गुरुवारी आबांनी विचारलेल्या प्रश्नाची ही दुसरी बाजू.

वसंतात लोकांनी कुदळी-फावड्यांनी माळ फोडला. दहा वर्षांत गावात चर्चं, दुकानं, झॅकरी फ्लेचर यांचं सेंट फ्रान्सिस हॉटेल, शाळा आणि दोन वर्तमानपत्रं होती. फ्लेचरांच्या पत्नी जेनी गावच्या पहिल्या शिक्षिका. आबांनी त्यांचं नाव वहीत लिहून घेतलं.

मग रेल्वे आली नाही. 1887 मध्ये रेल्वे गावातून जावी म्हणून लोकांनी 16,000 डॉलरचे रोखे मंजूर केले. बोलणी फिसकटली आणि 1888 ला दुसऱ्याच कंपनीचे रूळ सोलोमन नदीच्या पलीकडून, काही मैल दक्षिणेने पडले. तिथे बोग नावाचं नवं गाव उभं राहिलं. निकोडेमसची दुकानं उचलून तिकडे गेली, काहींनी तर इमारतीसुद्धा हलवल्या. अशा वेळी माळावरची गावं मरतात. शेकडो मेली. निकोडेमसला शेतकरी राहिले, आणि जे गेले ते दर वर्षी परत येत राहिले.

हा सोहळा 1878 पासूनचा आहे. तेव्हा तो 1 ऑगस्टला व्हायचा, कारण 1834 मध्ये त्या दिवशी ब्रिटिशांच्या वेस्ट इंडीजमधले गुलाम मुक्त झाले होते. म्हणजे स्वतःच्या सुटकेची गोष्ट सांगायला त्यांनी परक्या बेटांवरच्या भावंडांची तारीख घेतली. ती तारीख आपल्यालाही लागते. गुलाम सुटले म्हणून ब्रिटिशांच्या मळ्यांना मजूर हवे झाले, आणि मग आपल्याकडच्या माणसांना करार करून बोटीत बसवलं गेलं. मॉरिशसच्या मराठी घरांचे पूर्वज त्यांतलेच.

संध्याकाळी गवतावर बसलो असताना आबांनी आणखी एक धागा काढला. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' छापली तेव्हा ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या भल्या लोकांना अर्पण केली. हे आबा वर्गात दर वर्षी सांगायचे. "चार वर्षांनी ही माणसं इथं आली," ते म्हणाले. "फुल्यांनी लिहिलं ते यांच्यापर्यंत पोचलं नसणार. पण आपण पोचलो." त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

रविवार

सकाळी प्रार्थनेला गेलो. बाप्टिस्ट मंडळी इथे सुरुवातीपासूनची. विलियानाबाईंचे पती डॅनियल हिकमन याच पंथाचे धर्मोपदेशक होते. दाराशी कुणीतरी आबांना पंखा दिला, पुढे जागा करून दिली. गाणं सुरू झालं की सगळे उभे राहत, टाळ्या धरत. आबांनी पहिल्याच गाण्याला ठेका पकडला. वर्षभरात गेलेल्या माणसांची आठवण काढली गेली, नव्या जन्मलेल्या लेकरांना पुढे आणलं. मधली माणसं कुठे कुठे विखुरलेली असली तरी गावाचा हिशोब असा दर वर्षी पुरा होतो.

बाहेर पडून ए.एम.ई. (आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल) पंथाच्या चर्चपाशी गेलो. 1885 ची ही चुनखडीची वास्तू. ती, हॉटेल, बाप्टिस्टांचं 1907 चं चर्च, 1918 ची शाळा आणि टाउनशिप हॉल, या पाच वास्तूंमिळून 1996 पासून हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. शाळेच्या पायरीवर आबांचा फोटो काढला. मुलाला कालचे मित्र भेटले. त्यांतल्या एकाने त्याला सांगितलं होतं की त्याचे खापरपणजोबा एलिसहून चालत आले. मुलाने मला विचारलं, "आपले कोण कुठून चालत आले?" हा प्रश्न मी आबांकडे दिला, आणि पुढचा तास दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या माझ्या आजोबांबद्दल तो ऐकत बसला. मलाही त्यातलं निम्मं नवीन होतं.

दुपारी हिल सिटीला जाऊन आलो. काउंटीचं मुख्यालय. हिलनेच वसवलं, म्हणून त्याचं नाव. रविवार असल्याने सगळं बंद, कोर्टहाउस बाहेरूनच पाहिलं. मला ते बघायचं होतं एडवर्ड मॅकेब यांच्यासाठी. 1878 मध्ये निकोडेमसला आलेला हा शिकलेला कृष्णवर्णीय तरुण. 1880 मध्ये ग्रॅहम काउंटीची रचना झाली तेव्हा तिचा पहिला कारकून, म्हणजे सगळं दप्तर सांभाळणारा अधिकारी, तोच. 1882 मध्ये तो साऱ्या कॅन्ससचा ऑडिटर म्हणून निवडून आला. गुलामी संपून सतरा वर्षं झाली होती. काउंटीचा इतिहास सांगताना हिलचं नाव नकाशावर राहिलं, मॅकेबचं सांगावं लागतं. आबा म्हणाले, "मग सांगायचं," आणि ते नावही वहीत गेलं.

परतताना निकोडेमसमध्ये पुन्हा थांबलो. तंबू उतरवत होते. माणसं गाड्यांत खुर्च्या भरत होती आणि एकमेकांना पुढच्या वर्षीचं बजावत होती. 2027 ला दीडशे वर्षं होतील. कालच्या बाई अजून तिथेच होत्या. आबांनी त्यांना वाकून नमस्कार केला. त्या म्हणाल्या, दीडशेला मी असेन, तुम्ही या.

सोमवार

दिवसभर गाडीच. स्टॉकटन, बेलव्हिल, मग उत्तरेला वळायचं. आबांनी काल संध्याकाळी एका शेतकऱ्याला विचारून घेतलेलं ज्वारीचं पान वहीत दाबून ठेवलं होतं. ते मधूनमधून उघडून बघत.

बेलव्हिलला पेट्रोल भरताना त्यांनी गावी काकांना फोन लावला. तिकडे रात्र झालेली. पुढच्या वर्षी भैरोबाची अष्टमी कधी येते, एवढंच विचारलं. काकांनी काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. आबांनी फोन माझ्याकडे दिला आणि मी तारीख लिहून घेतली. मुलाच्या शाळेचं त्या आठवड्यात काय ते बघावं लागेल. बघेन.

पुढे रस्ताभर आजा-नातवाचं एकच चाललं होतं. जत्रेत पाराजवळ म्हाताऱ्या बसतात. त्या हात धरून विचारतात, "कुणाचा रं तू?" त्यावर आधी आईचं नाव सांगायचं, मग आबांचं, मग आबांच्या वडलांचं, आणि शेवटी वस्तीचं. मुलगा वस्तीचं नाव विसरायचा. आबा परत पहिल्यापासून म्हणायला लावायचे. नेब्रास्काची हद्द लागली तेव्हा त्याने चारही नावं न अडखळता घेतली.